कुरणात गवत कमी नि टाकळाच जास्त झालाय: फवारू, उपटू की काय करू?

माळकरी (धागाकर्ता) | १२ जून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सहा एकर चराऊ रान आहे, एकाच कुंपणात. सहा गाई, तीन कालवडी, चार वासरं आणि अकरा शेळ्या, सगळं त्याच्यावरच. पाच-सात वर्षांपूर्वी इथे मारवेल आणि पवना गुडघ्याएवढा व्हायचा. गेल्या पावसाळ्यात उगवतीकडच्या अर्ध्या भागात कमरेएवढा टाकळा होता. पाण्याच्या हौदापाशी आणि वाटेच्या कडेला गाजरगवत. कुंपणाला घाणेरीने असं धरलंय की तारच दिसत नाही. गाई दिवसभर फिरतात आणि संध्याकाळी खपाटीला गेलेल्या पोटाने परत येतात. दूध कमी झालंय, ते वेगळंच.

औषधवाल्याने सांगितलं, सगळं एकदा फवारून टाका, नवीन गवत आपोआप येईल. मन धजत नाही. पहिला पाऊस पडून गेलाय, हिरवे कोंब दिसायला लागलेत, म्हणजे ठरवायला फार दिवस नाहीत. कुणी असं रान परत आणलंय का?

गवतकापे | १२ जून

दादा, अजून काहीच फवारू नका. आधी एक काम करा, अर्ध्या तासाचं आहे. रानाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे नागमोडी चालत जा. दर चार पावलांनी थांबा, उजव्या बुटाच्या टोकाशी काय आहे ते बघा आणि वहीत एक रेघ मारा. चारा म्हणून चालणारं गवत, कुसळी (टोकदार कुसांचं गवत), तण, उघडी माती, दगड, पालापाचोळा, असे रकाने पाडा. अशा शंभर नोंदी करा. टोकाला जे आलं तेच लिहायचं, शेजारचं छान गवत लिहायचं नाही.

आकडे इथे टाका, मग बोलू. तणाचं नाव कळण्याआधी मला उघडी माती किती आहे ते कळायला हवं.

शिवारदादा | १२ जून

मी फवारणीच्या बाजूचा माणूस आहे, तरी औषधवाल्याचा सल्ला मलाही पटलेला नाही. सरसकट मारणारं ग्लायफोसेट हे तणनाशक कुरणावर टाकलं तर टाकळ्याबरोबर उरलासुरला मारवेलही जातो. मग मोकळ्या जमिनीवर पहिलं कोण येणार? टाकळाच. त्याचं बी जमिनीत आधीच पडलेलं आहे.

माळकरी | १४ जून

शंभर नोंदी झाल्या. बायको वही घेऊन मागे चालत होती, त्यामुळे मला लबाडी करायची सोय नव्हती.

चांगलं गवत १४, कुसळी १७, तण ३८, उघडी माती २७, दगड ४.

तणातले निम्म्याहून जास्त टाकळ्याचे कोंब. उघडी माती एवढी असेल असं खरंच वाटलं नव्हतं. लांबून सगळं हिरवं दिसतं.

गवतकापे | १४ जून

दुखणं त्या २७ मध्ये आहे दादा. टाकळा, गाजरगवत, केना ही सगळी मोकळ्या जागेची वनस्पती. जिथे मारवेलाचं दाट जाळं असतं तिथे टाकळ्याच्या कोंबाला ऊन मिळत नाही, तो दोन पानांवरच मरतो. म्हणजे तुमचं गवत आधी हरलं आणि तण मागून आलं. तण काढून गवत येणार नाही. गवत जगवलं तर तण मागे हटेल. हे मी माझ्या रानात सहा वर्षांत शिकलो आणि पहिली तीन वर्षं उलटंच करत होतो.

गवत का हरतं, तेही सांगतो. १९५५ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक क्रायडर यांनी गवतांचा पाला वेगवेगळ्या प्रमाणात कापून खाली मुळांचं काय होतं ते मोजलं. निम्मा पाला कापला तर जेमतेम २ ते ४ टक्के मुळांची वाढ थांबली. ६० टक्के कापला तर निम्म्या मुळांची. ७० ला ७८ टक्के. आणि ८० टक्के पाला गेला की झाडून सगळ्या मुळांची वाढ १२ दिवस बंद. ९० ला १७ दिवस.

निम्म्यापर्यंत गवताला काही वाटत नाही, त्यापुढे एकदम कोसळतं. जनावर तर कालच खाल्लेल्या ठोंबाचा कोवळा फुटवा शोधून परत तोच खातं. सहा एकर एकाच कुंपणात म्हणजे मारवेलाचा प्रत्येक ठोंब दर चार दिवसांनी खाल्ला जातोय आणि शेजारच्या टाकळ्याला तोंडही लागत नाही. निवडून निवडून गवत मारायचं काम तुमच्या गाई करतायत. बिचाऱ्यांचा दोष नाही, कुंपण आपण घातलंय.

माळकरी | १४ जून

हे वाचून दोनदा रानात जाऊन आलो. मारवेलाचे ठोंब खरंच दोन बोटांवर आलेत. मग आता जनावरं बंदच करू का? बांधून घालायला चारा नाही.

गवतकापे | १५ जून

सगळं बंद नको. सहा एकरांचे चार तुकडे करा. पक्कं कुंपण नसलं तरी झटका तारेने (विजेचा सौम्य झटका देणाऱ्या) भागतं. एका तुकड्यात सगळी जनावरं, बाकी तीन बंद. गवत वीतभर उरलं की पुढच्या तुकड्यात. दिवस मोजून हलवू नका, गवताची उंची बघून हलवा. भर पावसात गवत चार-पाच आठवड्यांत सावरतं, पाऊस ओढला तर दुप्पट वेळ लागतो. आणि दरवर्षी एक तुकडा बी पडेपर्यंत अजिबात चारू नका. तुमचं फुकटचं बियाणं तेच.

सुरुवातीचे पाच-सहा आठवडे मात्र विकतचा चारा घालून सगळंच रान मोकळं ठेवता आलं तर ठेवा. आत्ताचा कोवळा फुटवा मुळांतल्या साठ्यावर येतोय, तोच खाल्ला तर ठोंब संपतो.

पशुवैद्य_ताई | १५ जून

चाऱ्याची चर्चा चांगली चालली आहे, पण मी कुंपणाच्या घाणेरीबद्दल लिहिते, कारण त्यात जनावर जातं.

पोट भरलेलं जनावर सहसा घाणेरीला तोंड लावत नाही. रान संपलेलं असलं, नवीन जनावर आणलेलं असलं किंवा पावसाच्या झडीत दोन दिवस बांधून मग भुकेलं सोडलं, की ते कुंपणाची हिरवळ ओरबाडतं. तिच्या पानांतल्या लँटाडिन या विषामुळे यकृताला मार बसतो. आधी खाणं आणि रवंथ बंद होतं, शेण घट्ट होतं. मग डोळे नि लघवी पिवळी. जनावर उन्हात थांबत नाही, सावली शोधतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि चारेक दिवसांत नाकपुडी, कानाची टोकं, सडांची कातडी भाजल्यासारखी होऊन सोलते. पांढऱ्या कातडीवर जास्त.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. या विषाने पोटाची हालचालच थांबते, त्यामुळे खाल्लेला पाला पोटात पडून राहतो आणि त्यातून विष रक्तात जातच राहतं. म्हणून 'एकदाच खाल्लंय, उतरेल' असं म्हणत बसू नका. रवंथ बंद दिसली की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा आणि जनावर अंधाऱ्या, गार गोठ्यात ठेवा. लवकर कळलं तर पोटातलं विष शोषून घेणारा कोळसा पाजून जनावर वाचतं. कातडी सोलायला लागल्यावर बोलावलं तर माझ्या हातात फार थोडं उरतं.

कुंपणाला आणि हौदापाशी अजून काय आहे ते बघून सांगाल का? धोतरा, बेशरम, कण्हेर?

माळकरी | १६ जून

ताई, धोतरा आहे, जनावरं दुपारी झाडाखाली बसतात तिथे. हौदाच्या सांडपाण्यावर बेशरम. काटेमाठ पण खूप. शेळ्या बेशरम खाताना बघितल्यात, काही झालं नाही म्हणून दुर्लक्ष केलं.

पशुवैद्य_ताई | १६ जून

ती बेशरम याच आठवड्यात काढा, बाकी सगळं नंतर. तिचं विष एका दिवसात दिसत नाही. आठवडेच्या आठवडे थोडं थोडं खाऊन शेळी रोडावते, मग मान थरथरते, मागचे पाय लटपटतात, चालताना तोल जातो. आणि एकदा चटक लागली की दुसरा चारा असूनही शेळी तिच्याकडेच धावते. मेंदूच्या पेशी बिघडल्यावर ती पूर्ववत होत नाही. काढताना लक्षात ठेवा, तुटलेलं कांडं ओल्या जमिनीवर पडलं की रुजतं. काढून तिथेच टाकू नका, कोरड्या जागी नेऊन वाळवा आणि मग जाळा.

काटेमाठ सावलीच्या आणि हौदाच्या जागी का येतो? तिथे शेण-मूत साचून जमिनीत नत्र भरपूर असतं. तोच नत्र माठाच्या देठात नायट्रेट होऊन साठतो. भुकेल्या गाईने एकदम भरपूर खाल्ला तर रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, चॉकलेटच्या रंगाचं होतं आणि तासाभरात गाय आडवी होऊ शकते. बसायची जागा अधूनमधून बदला, पाण्याचं टाकं हलतं ठेवता आलं तर फारच चांगलं.

रानवाट | १६ जून

माझी एक कालवड घाणेरीने गेली. दुष्काळी वर्ष होतं, रानात काही नव्हतं आणि मी म्हणायचो हिरवं आहे ते खातेय तर खाऊ दे. पाचव्या दिवशी तिच्या नाकाची साल निघाली. ताईंनी लिहिलेला एकेक शब्द मी तिच्या अंगावर बघितलाय. धागाकर्ते दादा, उद्याच कुंपण बघा.

माळकरी | १७ जून

वाईट वाटलं रानवाट. बेशरम आज काढली, दोघं जण सकाळपासून दुपारपर्यंत लागलो होतो. घाणेरी मात्र दरवर्षी कोयत्याने कापतो आणि दरवर्षी दुप्पट होते. तिचं काय करायचं?

जुनं_खुरपं | १७ जून

कापली की दुप्पटच होणार, कापलेल्या बुंध्यातून दहा फुटवे येतात. आणि जाळली तरी तेच, आग गेली की बुडातून फुटते. शोभेचं झाड म्हणून १८०९ च्या सुमारास तिला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणलं, तिथून ती डोंगर-जंगलं खात सुटली. सहजासहजी हटणारी नाही.

दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांनी सांगितलेली पद्धत मी वापरतो. फांद्यांशी झटायचंच नाही. बुंध्याजवळची माती बाजूला करा. खोड जिथे संपून मूळ सुरू होतं तिथल्या जाड गाठीतून फुटवे येतात. तिच्या खाली, मातीच्या आत दोन-तीन बोटांवर, मुख्य मूळ कुदळीने तोडा. मग सगळं झुडूप उचलून उलटं ठेवा, बुंधा वर, फांद्या खाली, म्हणजे ती गाठ मातीला टेकून परत रुजत नाही. वाळली की विषय संपला. जमीन ओली असताना दोन माणसं दिवसाला बरंच कुंपण मोकळं करतात.

पण दोन गोष्टी पाळा. काळी फळं पिकायच्या आधी हे करा, कारण पक्षी ती खाऊन झाडावर बसतात आणि खाली शिटतात, म्हणून रोपं कायम झाडाखाली आणि कुंपणाखाली उगवतात. दर पावसाळ्यात या दोन जागा बघून रोपं हातानं उपटा, एक वर्ष चुकलं तर परत कुदळ. दुसरं, मोकळ्या केलेल्या जागी लगेच गवताचे ठोंब लावा. नुसती मोकळी सोडली तर घाणेरीच्या जागी रानमोडी हे दुसरं तण येतं, मी पाहिलंय. आणि तोडलेली घाणेरी जनावरांच्या वाटेत टाकू नका. सुकलेल्या पानातही विष तेवढंच असतं.

डोंगरपायथा | १८ जून

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे उन्हाळ्यात रान पेटवतात. तण जळतं, बी जळतं, राखेचं खत होतं, पहिल्या पावसावर हिरवंगार येतं. आजोबांपासून हेच चाललंय.

गवतकापे | १८ जून

डोंगरपायथा, राग मानू नका, मी सुद्धा पेटवलेलं आहे. हिरवंगार येतं हे खरंच. पण त्या हिरव्यात काय आहे ते एकदा शंभर पावलं चालून मोजा. कुसळीचं टोकदार बी पिळासारखं फिरत स्वतःला मातीत रुतवून घेतं, म्हणून आगीतून वाचतं. तिचा ठोंबही आग सोसतो. वर्षानुवर्षं पेटवलेल्या रानात मऊ गवतं मागे पडून कुसळीचंच राज्य येतं. टाकळ्याचं कडक सालीचं बी मातीत असतं, वरची आग त्याला फारशी लागत नाही, उलट उष्णतेने साल तडकली तर ते सोपं उगवतं. जळतो तो पालापाचोळा, म्हणजे मातीवरचं पांघरूण. पुन्हा उघडी जमीन, पुन्हा तण.

कुसळी कोवळी असताना चांगला चारा आहे, हेही सांगतो. फुलोऱ्याआधी चारा नाहीतर कापून वाळवा. कुसं आली की तीच जनावराच्या तोंडात, डोळ्यात, मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतात. तिला तण म्हणावं की चारा, हे तुम्ही कुठल्या आठवड्यात रानात जाता त्यावर आहे.

डोंगरपायथा | १९ जून

मोजतो. कुसळी जास्त आहे हे मान्य.

शिवारदादा | २० जून

आता फवारणीबद्दल लिहितो. टाकळा, गाजरगवत यांसारख्या रुंद पानांच्या तणांवर २,४-डी हे तणनाशक चालतं, गवताला सहसा धक्का लावत नाही. पण कुरणात वापरायचं तर काही गोष्टी अनुभवाने सांगतो.

कोवळ्या तणावर मारा, चार-सहा पानांवर असताना. फुलावर आलेल्या टाकळ्यावर मारून औषध आणि मजुरी दोन्ही वाया जातात. सगळ्या रानावर मारू नका, जिथे दाट पट्टा आहे तेवढ्यावरच. स्टायलोसारखी द्विदल चाराझाडं असतील तर ती तणाबरोबर जातात, त्यांना औषध ओळखत नाही. वाऱ्यात अजिबात नको, शेजारी कापूस, टोमॅटो, द्राक्ष असेल तर नुसत्या वाफेने पानं वळतात आणि जन्माचं भांडण लागतं. या औषधासाठी पंप वेगळा ठेवा. कितीही धुतला तरी तो पंप पिकावर वापरू नका.

डब्यावरच्या चिठ्ठीत जनावरं किती दिवस बाहेर ठेवायची ते लिहिलेलं असतं, ते पाळायचंच.

पशुवैद्य_ताई | २० जून

शिवारदादांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. २,४-डी मारल्यावर कोमेजणाऱ्या झाडात साखर वाढते. एरवी जनावर ज्याला हुंगूनही बघत नाही ते विषारी तण त्या दिवसांत गोड लागून खाल्लं जातं. माठासारख्या तणात नायट्रेटही वाढतं. तेव्हा विषारी तण फवारलं असेल तर चिठ्ठीवरचे दिवस संपले तरी थांबा. ते पूर्ण वाळून पडेपर्यंत तो तुकडा बंद.

माळकरी | २१ जून

वाचून ठरवलं, यंदा फवारणी नाही. चार तुकड्यांची तार आणली. गाजरगवताचं विचारायचं राहिलं. भुंगे सोडतात म्हणे?

जुनं_खुरपं | २१ जून

हो, मेक्सिकन भुंगा. १९८४ मध्ये बंगळूरजवळ पहिल्यांदा सोडला, आता बऱ्याच ठिकाणी आपोआपच सापडतो. पिवळसर अंगावर काळ्या नागमोडी रेघा. अळी आणि भुंगा दोघंही गाजरगवताची पानं खातात, दाट वस्ती झाली तर झाड उघडं करून टाकतात. पावसाळा संपला की भुंगा जमिनीत झोपतो, पुढच्या पावसात वर येतो. अडचण एवढीच की त्याची संख्या वाढेपर्यंत निम्मं गाजरगवत फुललेलं असतं. म्हणून त्याला मदतनीस समजा, त्याच्या भरवशावर राहू नका. ज्या पट्ट्यात भुंगे दिसतील तिथे शिवारदादांचा पंप नेऊ नका म्हणजे झालं.

मोठं झाड १५ ते २५ हजार बी टाकतं आणि उगवल्यापासून महिनाभरात फुलायला लागतं. ओल असेल तर वर्षभर केव्हाही उगवतं. १९५५ मध्ये पुण्यात त्याची नोंद झाली आणि काही दशकांत देशभर पसरलं, ते याच वेगामुळे. म्हणून एकदा मोठी मोहीम करून उपयोग नाही. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी फेरी मारा, फुलाआधी मुळासकट उपटा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सहज निघतं.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच. 'इतकी वर्षं उपटतोय, काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांनाच एक दिवस अंगभर खाज सुटते आणि मग ती दरवर्षी येते. दमा असलेल्या माणसाला या कामाला नेऊच नका. गाईंनी खाल्लं तर दूध कडवट होतं, हेही आहेच.

शेणखत | २३ जून

कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो, रानात तण येतं कुठून? दादा, तुम्ही कच्चं शेण रानात टाकता का? आणि विकतचं वाळलं गवत कुठे घालता?

माळकरी | २३ जून

शेण उकिरड्यावरून सहा महिन्यांनी रानात. वाळलं गवत रानातच ठिकठिकाणी टाकतो, म्हणजे जनावरं पांगून खातात.

शेणखत | २३ जून

मग तणाची पेरणी तुम्हीच करताय. विकतच्या गवतात काय काय बी आहे कुणाला ठाऊक. ते एकाच ठरलेल्या जागी घाला, त्या जागेवर वर्षभर नजर ठेवा. नवीन उगवलं तर तिथेच उगवेल आणि तिथेच उपटता येईल.

कडक सालीचं बी गाईच्या पोटातून जिवंत बाहेर येतं. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन जनावरं हेच करतात, शेणाबरोबर रोप तयार. बहुतेक बी तीन-चार दिवसांत पडतं, थोडं आठवडाभर येत राहतं. म्हणून तणाच्या रानातून आणलेलं जनावर आठवडाभर गोठ्यात ठेवून मगच चांगल्या तुकड्यात सोडा.

उकिरडा सहा महिने पडला म्हणून बी मरत नाही. ढीग आतून ५५ ते ६५ अंश तापला पाहिजे आणि कडेचं आत, आतलं बाहेर असा तीन-चारदा उलथला पाहिजे. कडेला पडलेलं बी तापत नाही, तेच रानात उगवतं. हात कोपरापर्यंत आत घालून ठेवता आला तर ढीग तापलेला नाही असं समजा.

माळकरी | २८ जुलै

खबर देतो आणि एक चूक सांगतो. घाणेरीचं निम्मं कुंपण बाबूंच्या पद्धतीने काढलं, एकही झुडूप परत फुटलेलं नाही. मोकळ्या जागी मारवेलाचे ठोंब लावले. जनावरं पाच आठवडे बांधून घातली, आता फिरवून चारतोय.

चूक टाकळ्याची. उतावीळपणाने १० जुलैलाच मशिनने कापला, घोट्यावर. आता प्रत्येक बुंध्याला चार-चार फांद्या फुटल्या आणि त्या आडव्या पसरल्यात. फुलं वीतभर उंचीवरच येतील असं दिसतंय, मशीन तिथे पोचत नाही.

गवतकापे | २८ जुलै

लवकर कापला की असंच होतं, सगळ्यांचं एकदा होतं. टाकळा वर्षायू आहे, त्याला एकच काम असतं, बी करून मरायचं. जून-जुलैत कापला तर त्याच्याकडे पुन्हा फुटायला वेळ असतो. पहिली पिवळी फुलं दिसली की कापायचा, शेंगा भरायच्या आत. तेव्हा त्याची ताकद फुलात गेलेली असते आणि पाऊसही सरत आलेला असतो, फुटवा जोर धरत नाही. आता पसरलेला आहे तो फुलावर आला की खुरप्याने मुळासकट काढा. दमवेल, पण एका वर्षाचं बी वाचेल.

जमिनीत जुनं बी आहेच, ते पुढची काही वर्षं उगवत राहील. घाबरू नका.

हिरवा_पट्टा | ३० जुलै

उघड्या जागेत स्टायलो टाका दादा. बी कडक असतं, उकळून थोडं निवलेल्या पाण्यात, साधारण ८० अंशांच्या, चार-पाच मिनिटं ठेवा, मग गार पाण्यात रात्रभर. अंजन गवताचं बी हलकं कापसासारखं, ते ओलसर मातीत मिसळून फेका नाहीतर वाऱ्याने जातं. दोन्ही खोल पुरू नका, नखभर माती पुरे. ढगाळ हवा बघून टाका. पहिल्या वर्षी त्या जागेत जनावर नको.

शेळीवाली | २ ऑगस्ट

शेळ्या आहेत तर त्यांचा उपयोग करून घ्या. गाय गवत खाते, शेळीला झुडपाचा शेंडा आवडतो. बोराटी, वेड्या बाभळीची कोवळी रोपं, काटेरी फुटवे, हे शेळ्या चांगलं खाली ठेवतात. मी गाईंच्या आधी दोन दिवस शेळ्या सोडते. टाकळा त्या फारसा खात नाहीत, तिथे आशा धरू नका. आणि ताईंनी सांगितलेली झाडं रानात असतील तोवर शेळी उपाशी सोडू नका. शेळी सगळं पचवते असं लोक म्हणतात, ते खरं नाही.

माळकरी | १९ सप्टेंबर

टाकळा फुलावर आला तसा खुरप्याने काढला. दोन एकरांचाच जमला, बाकीच्यात शेंगा धरल्या. वाईट वाटतंय, पण माणसं कमी पडली. चौथा तुकडा बी पडायला बंद ठेवलाय.

माळकरी | २१ जून, पुढचं वर्ष

वर्षभराने परत लिहितोय. काल पुन्हा शंभर पावलं चाललो, वही बायकोच्याच हातात.

चांगलं गवत ३३, कुसळी १५, तण २४, उघडी माती १५, दगड ४, पालापाचोळा ९.

मागच्या वर्षी पालापाचोळ्याच्या रकान्यात एकही रेघ नव्हती. टाकळा अजून आहे, जिथे शेंगा राहिल्या त्या दोन तुकड्यांत बक्कळ आहे. ज्या दोन एकरांत खुरप्याने काढला तिथे मात्र मोजके कोंब आहेत. घाणेरीच्या जागी लावलेला मारवेल जमिनीला धरून पसरलाय, त्यात हात घातला तर माती लागत नाही. शेळ्या ठीक आहेत.

पशुवैद्य_ताई | २१ जून

शेळ्यांचं वाचून बरं वाटलं. मान थरथरणं वगैरे काही नाही ना?

माळकरी | २१ जून

नाही ताई. एक बकरी थोडी रोड होती, ती आता गाभण आहे.

आता एकच अडचण आहे. शेजाऱ्याच्या पडीक रानात गाजरगवत कंबरेला आलंय आणि वारा तिकडून आमच्याकडे. त्याला बोललो, त्याचं म्हणणं त्याला जनावरंच नाहीत तर तो कशाला उपटेल. मग मी म्हटलं, रान तुझं, उपटायला आम्ही येतो, फक्त नाही म्हणू नकोस. तयार झाला. परवा पाऊस झालाय, जमीन ओली आहे. उद्या सकाळी सहाला सुरुवात करतोय, हातमोज्यांचे पाच जोड आणलेत. शेजारी म्हणाला मीही येतो.

जुनं_खुरपं | २१ जून

फुलं आलेली झाडं असतील तर ती वेगळी ठेवा दादा, पोत्यात भरून. बांधावर ढीग लावू नका.